सात उन्हाळ्यांची तुती

आधी दार अडलं.
त्सियालाने नवऱ्याला बोल लावला,
नवऱ्याने सुताराला, सुताराने ओल्या हिवाळ्याला.
तीनदा रंधा फिरला.
तिसऱ्यांदा दार इतकं सैल झालं
की मांजर रात्री ढकलून आत येऊ लागलं.

मग भिंतीवर एक केस.
केसाएवढीच भेग,
खिडकीच्या कोपऱ्यातून सासऱ्यांच्या फोटोकडे निघालेली.
नगरपालिकेच्या माणसाने
भेगेवर प्लास्टरची आडवी पट्टी थापली,
वर पेन्सिलीने लिहिलं, नऊ मार्च.
म्हणाला, फुटली तर कळवा.

एकवीस एप्रिलला फुटली. आवाज न करता.

तिबिलिसीतलं आमचं अंगण :
बारा बिऱ्हाडं, एक लोखंडी जिना, एक तुती.
भांडण मात्र आवाज करून झालं.
कुणी म्हणालं मेट्रो, कुणी कोपऱ्यावरचं नवं हॉटेल,
आणि वरच्या नाझिब्रोलाने
खालच्या बेसोवर बोट ठेवलं,
यानेच तळघर खणलं, दारूचा रांजण पुरायला.
बेसो दोन महिने तिच्याशी बोलला नाही.

कुठंतरी पाणी मुरतंय,
हे माणसांबद्दल म्हणायचं असतं.
इथे ते खरोखर मुरत होतं
आणि संशय तेवढा माणसांवर.

पहाटे तीनला ओथार आला,
पाणीखात्यातला म्हातारा, हातात लांब काठी.
एक टोक फरशीवर, दुसरं कानाला.
दोन पावलं, काठी. दोन पावलं, काठी.
कुणाचा तरी नळ ठिबकत होता.
त्याने वर बघून नुसतं ओठावर बोट ठेवलं,
बारा बिऱ्हाडं आपापले नळ आवळायला धावली.

तुतीपाशी थांबला.
इथे. चार हात खाली. भोक सुईच्या नेढ्याएवढं.
किती वर्षांचं?
ओथारने झाडाकडे मान वर केली.
हे दुष्काळातसुद्धा हिरवं होतं का?

कुणी बोललं नाही.
होतं. सात उन्हाळे होतं.
सगळी गल्ली पिवळी पडायची तेव्हा
आमच्या पायऱ्या तुतीने काळ्या व्हायच्या.
आम्ही डबे भरभरून नातलगांना धाडले,
त्सियालाने मुरंबा घातला, बेसोने दारू गाळली.
पाणी पायाखालची माती
चमचा चमचा नेत होतं
आणि आम्ही जिभेवर फळ घोळवत म्हणत होतो,
यंदा गोडी जास्त आहे.

नळ बदलला. खड्डा बुजला.
नवी पट्टी अजून शाबूत आहे,
भेग भरायची राहिलीय.
बेसो आणि नाझिब्रोला बोलतात, पण उंबऱ्याबाहेरूनच.

तुती या वर्षी जूनमध्येच पानं टाकतेय.
संध्याकाळी, अंगणात कुणी नाहीसं पाहून
त्सियाला एक बादली
तिच्या बुंध्याशी नेते.
अर्धी ओतते.
थांबते.
भिंतीकडे बघते.