बोरीचा सांधा

आधी हात पुसायचे. तेल नको, घाम नको.
मग दिवा आडवा धरायचा, लाकडाला टेकेल इतका,
म्हणजे बुजलेला शिक्का सावलीच्या कडेनं वर येतो,
खेकड्याचा माग जसा
सकाळच्या तिरक्या उन्हातच दिसतो.

निझव्यात, बकऱ्यांच्या लिलावामागच्या गल्लीत माझी खोली.
बाहेर पाटी नाही.
लोक विचारत येतात: बंदुका वाचणारा तो हिंदी सुतार कुठे बसतो?

वाचतो खरा.
दस्त्याच्या उजव्या गालावर मुकुट, मुकुटाखाली काटेरी जर्मन अक्षर,
म्हणजे कुणा तपासनिसाचा होकार.
मुठीच्या पोटाशी आणखी एक.
नळीच्या पन्हळीत, जिथे कुणाचं बोट जात नाही, तिथे नंबर.
मुकुट असेल तर पहिली लढाई, गरुड असेल तर पुढची.
दस्ता अखंड अक्रोडाचा की पातळ पापुद्रे चिकटवून केलेला,
ते कडेच्या रेषा सांगतात.
सँडपेपर मारला असेल
तर कोणीच काही सांगत नाही.

माझ्याकडे उधारीच्या वहीसारखी एक लांबट वही आहे.
शिक्क्यावर कागद, कागदावर पेन्सिल आडवी घासायची;
शाळेत आपण चार आण्याचं नाणं असंच उमटवायचो.

गुरुवारी खलफान बिन मुसल्लम आले,
आजारी शेळीसारखी घोंगडीत गुंडाळून तिला कडेवर घेऊन.
मागोमाग गिऱ्हाईक, मस्कतचा हिलाल,
हातात पांढरे मोजे, भिंग, आणि एकच प्रश्न:
सगळे नंबर जुळतात का?

नळी ४४१७.
बोल्ट ४४१७.
पन्हळ ४४१७.
दोन स्क्रू काढून टाचेची पट्टी उचलली. आत नंबर नव्हता.
तिथून चार बोटं वर एक तिरका सांधा, केसाएवढा.
आतल्या अंगानं कानस एकदाच फिरवली,
भुगा नाकाशी नेला.
अक्रोड नव्हे.
हा वास आमच्या आजगावच्या कुंपणाचा.
बाबा विळ्याची मूठ याचीच करायचे, म्हणायचे,
बोर वाकत नाही, बोर चिडते.
इथे तिला सिद्र म्हणतात. काटे तेच.

आणि त्या तुकड्यावर डागलेली खूण: दोन उभ्या रेघा, शेजारी एक ठिपका.
वहीच्या एकाही पानावर नसलेली.
कुठला कारखाना? हिलालनं भिंग पुढे केलं.
खलफान हसले, उरलेल्या दातांनी.
कारखाना कसला, आमच्या उंटांचा डाग आहे तो.
बाप वादीत घसरला, बंदूक आधी पडली, मग तो.
गावच्या जुमानं तुकडा जोडला, एक बोकड घेतला,
आणि डाग दिला, घरची वस्तू हरवू नये म्हणून.

तीनशे रियाल तिथल्या तिथे उतरले.
मग हिलाल मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला,
नवा कुंदा घाल. अक्रोडाचा. शिक्क्यासकट. तुला येतं, मी ऐकलंय.

त्यानं बरोबर ऐकलं होतं.
खणात मुकुटाचा पोलादी ठसा आहे, मीच कोरलेला,
घराचं छप्पर घातलं त्या वर्षी.
एकदाच वापरला. ती बंदूक आता
कुणाच्या तरी दिवाणखान्यात खरी होऊन बसली असेल.

लाकूड नाही, मी म्हणालो.
अक्रोडाची फळी खाटेमागेच उभी होती.

खलफाननी घोंगडी आवळली.
थांबा, म्हटलं, आणि कागद लावला.
डागलेली खूण ठशासारखी उमटत नाही,
तिसऱ्या खेपेला जरा धुरकट आली.
खाली लिहिलं: लाकूड बोर. कारागीर जुमा.
सालाची जागा रिकामी; खलफानना आठवेना,
खजुराचं पीक बुडालं ते वर्ष, एवढंच.

रात्रभर बोटांना बोरीचा वास होता.
खण मी उघडला नाही.
किल्ली कुठे आहे, ते माहीत आहे.