एकोणऐंशी

डाळमिलीचं हजेरीपुस्तक माझ्याकडे असतं.
निळ्या शाईने 'ह', लाल शाईने 'गै'.
पानांत तुरीची चुनी शिरते, शिवण सैल होते,
आणि दर एकोणऐंशीव्या दिवशी
ठेकेदार मागून वाकतो : हिला आता ब्रेक दे.

कायद्यात ऐंशी लिहिलेत.
ऐंशी भरले की बाळंतपणाची पगारी रजा,
म्हणून आमच्या मिलीत कुठलीच बाई
ऐंशीपर्यंत मोजली जात नाही.

वैजंता तायडे, निवडणीचा पट्टा, सातवा महिना.
ब्रेकच्या दिवसांतही ती येतच होती,
पण नणंदेच्या नावावर.
नणंद दिवाळीपासून उधन्यात, साड्यांच्या कारखान्यात;
इथे तिचा एक खाडा नाही.
अक्षर माझंच आहे.

शनिवारी वैजंताने जर्द्याची रिकामी डबी टेबलावर ठेवली.
आत तुरीचे दाणे.
"रोज घरी जाताना एक टाकला, भाऊ. मोजा."
मोजले. एकशे चार.
एक किडका निघाला, तोही धरला.
"त्या दिवशी चक्कर आली व्हती, अर्धाच भरला.
काढायचा तर काढा."
नाही काढला.

माझी बायको या खेपेला चोपड्याला माहेरी गेली नाही.
म्हणाली, तुम्हीच राहा की पंधरा दिवस.
साडू जिल्हा परिषदेत, त्याला मिळाले होते पंधरा;
त्याने त्यात मोटारसायकलचं इंजिन उतरवलं.
मी अर्ज नेला तर शेठने घडीही मोडली नाही.
"घर राहीसन काय करशी?
तुले काय पान्हा फुटनार शे?"
सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो.
ते हसणं अजून जबड्यात दुखतं.

रात्री शेगडी पेटवतो,
ओव्याची धुरी देतो, लंगोट बदलतो.
पोर माझं बोट धरते
आणि चुनीच्या वासाने शिंकते.
बाजेवरून बायको विचारते,
आज कितवा दिवस हो हिचा?
मला पटकन सांगता येत नाही,
माणसांचे दिवस मोजून पोट भरणाऱ्याला.

उद्या मंगळवार. कामगार कार्यालय साडेदहाला उघडतं.
डबी शर्टाच्या खिशात आहे, वाकलो की खुळखुळते.
वैजंता म्हणाली, मी बी येते.
तुम्ही एकले गेले तर डबीले कोन इचारतं?
खरं आहे. आणि नणंदेच्या नावाचं विचारतील
तेव्हा मला काय सांगायचंय,
ते मी अजून जुळवतोच आहे.

भोंग्याआधी पुस्तक उघडलं.
तिच्या उद्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.
माझ्या नावापुढे लाल पेनने
आजच 'गै' लिहून टाकलं.
फुंकर मारली. चुनी उडाली,
शाई जराशी पसरली.