देवपूर, वरची खोली

साडेचार हजार, हिलालभाऊ म्हणाले,
गच्ची तुमचीच समजा,
खिडकीला कूलरची जाळी आहे, कूलर तुमचा.
मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: कूलर.
पुढे आकडा टाकला नाही.

पुण्यात मी दुसऱ्यांच्या चुका काढते,
पानाला बावीस रुपये.
सुटलेले अनुस्वार, उलटी अवतरणं,
पहिल्या प्रकरणातली निळी साडी
सातव्यात हिरवी झालेली.
महिन्याला आठशे पानं आली तर मी सुखवस्तू,
तीनशे आली तर सहा हजार सहाशे.
गेल्या वर्षी सहा महिने तीनशेच होती.
धनकवडीचे मालक मात्र
अकरा महिन्यांनी दहा टक्के विसरले नाहीत.

सहा हजार सहाशेतून साडेचार गेले,
उरले एकवीसशे.
एकवीसशेत धुळ्याला माणूस किती दिवस पुरतो?

म्हणून सकाळपासून भाव विचारत फिरले, घेतलं काहीच नाही.
वांगी तीस रुपये. दादर महाग झालीय, म्हणे.
बारा पत्थरजवळ शेवभाजी खाल्ली,
रश्श्याने डोळ्यांतून पाणी काढलं,
पोराने न मागता दुसऱ्यांदा रस्सा वाढला.
हे कुठे लिहायचं कळेना. लिहिलं नाही.

रेवाबाई बेडसे जिन्यावरच बसल्या होत्या.
एकलीच शे का, त्यांनी विचारलं.
हो म्हटलं.
भरीत करता येस का?
गॅसवर, म्हटलं.
त्यांनी हिलालभाऊंकडे असं पाहिलं
की भाडेकरूबद्दल आधी सांगायला हवं होतं.
भरीत पऱ्हाटीवर भाजायचं, खाली अंगणात,
पऱ्हाटी माझी, वांगी तुमची.
करारात हे कलम नव्हतं.

पानी आठ दिनमा येस, रातले दोन वाजता.
टाकी पाचशे लिटरची.
कूलरला रोज चाळीस धरले तर आठ दिवसांचे तीनशेवीस,
म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी कूलर पिणार,
राहिलेल्यात मी.
जागं ऱ्हावनं पडी, त्या म्हणाल्या.
जागीच असते, मी म्हटलं,
आणि या शहराला परवडेल अशी
ही माझी एकच गोष्ट निघाली.

हिलालभाऊंचा पोरगा चाकणला कंपनीत.
म्हणतो, धुळं परवडत नाही.
मी हसले. ते हसले नाहीत.
पोरगी लॅबमध्ये रक्त घेते, सकाळी आठ ते रात्री आठ,
सात हजार.
मग मीही जरा वेळ जाळीकडे पाहत राहिले.
इथलं दूध, इथली रिक्षा, ही खोली,
सगळं स्वस्त आहे ते
कुणाच्या तरी सात हजारांतून कापून.
मी पुण्याच्या दराने चुका काढणार,
धुळ्याच्या दराने जेवणार,
मधला फरक वहीत बचत म्हणून दाखवणार.
बचत हा शब्द शुद्धलेखनाच्या दृष्टीने बरोबर आहे.

दाताचं काम निम्म्यात होईल.
मयुरा शेजारी नसेल,
जी माझी चावी ठेवून घेते, कधीपासून ते दोघींना आठवत नाही.
तिचा दर काय लावू?
वर्षातून चार वेळा एसटीने जाऊन येईन,
एवढाच आकडा लिहिता आला.

इसार पाचशे एक, हिलालभाऊ म्हणाले.
माझ्याकडे पाचशेची नोट, वर रुपया नाही.
रेवाबाईंनी बटव्यातून रुपया काढला,
माझ्या हातावर ठेवला,
आणि लगेच माझ्याकडून मागून घेतला,
मोजून, नोटेसकट.

मालेगाव आलं तरी वही मांडीवर उघडीच.
कूलरपुढे अजून काही नाही.
तो रुपया लिहायचा राहिलाय,
जमेला की नावे,
बाजूच्या बाईंना विचारणार होते,
त्या झोपल्यात.