लाल चांदणी

मोबाईल नंबरच्या रकान्यापुढं
लाल चांदणी मीच काढली,
परभणीत, एसीखाली बसून.
रिकामं सोडलं तर अर्ज पुढं सरकायचाच नाही.

मग रकान्यात टिंबं यायला लागली.
टिंब बंद केलं.
दहा शून्यं आली, तीही बंद केली.
वाटलं, झाली माहिती शुद्ध.

मार्चअखेर यादी लावली तर
मानवतच्या केंद्रात
एकशे सदतीस गरोदर बाया
आणि नंबर एकच.
खडसावायचं म्हणून तोच फिरवला.
पलीकडं आमची ऑपरेटर, तहेसीन.

"सर, शिवकांताकडं फोनच नाही.
मुक्ताचा नवऱ्याकडं,
नवरा बेळगावकडं उसाला गेलाय.
तुमचं मशीन सरकना.
बाई म्हणती, फोन नसला तर
लेकरू होत नाही का?
मग टाकला माझा."

आणि मेसेज?

"येतेत की. सगळे मलाच.
हप्ता जमा, सोनोग्राफी गुरुवारी, गोळ्या संपल्या का.
घरी जाताना दारादारात सांगत जाते.
अंधार पडतो कधी.
रात्री दोनला एखादा ओटीपी येतो,
तेव्हा मात्र भ्याव वाटतं सर,
कोणाच्या नावानं कोण काय करायलंय."

नियम लिहून तयार आहे:
एक नंबर, एकच बाई.
सेव्ह करायचा राहिलाय.

त्याच्याखाली एक नवा रकानाही मांडलाय,
'निरोप कोणाजवळ द्यावा'.
त्याच्यापुढं चांदणी काढावी का नाही,
दोन दिवस झाले,
ठरत नाही.