अर्धा आटा

भरमा कणबरकर, वॉलमन, वडगाव विभाग.
पस्तीस वर्षं पहारीचं एक टोक रस्त्यावर,
एक टोक कानाशी.
डोळे मिटून उभा राहिला
की मागांच्या खडखडाटाखालून
त्याला मातीतलं पाणी ऐकू यायचं.
"हितं न्हवं. दोन पावलं फुडं."
खणलं की तिथंच निघायचं.

आता कंपनीने पाइपलाच कान बसवलेत,
सुपारीएवढे.
ते दर पंधरा मिनिटांनी ऑफिसात कळवतात, कन्नडमध्ये.
मी मराठी शाळेतली, अक्षरं जुळवत वाचते:
नी-रु सो-रि-के.
"म्हणजे गळती," विद्याश्री अंगडी मॅडम सांगतात.
"म्हाईत हाय," भरमा म्हणतो.

महिन्यात सत्तावीस गळत्या धरल्या.
खासबागेच्या वरच्या अंगाला
पाचव्या दिवशी एक घागर भरायची,
तिथं आता बायका नळ चालू असताना
बोलत उभ्या राहतात.
हे मी पाहिलंय. यंत्राला नावं ठेवणार नाही.

पण एक रेघ रोज रात्री तीनला वर जायची,
चारला खाली.
करंगळीएवढी.
मॅडमनी तीनदा माणसं पाठवली. रस्ता कोरडा.

चौथ्या दिवशी भरमा आपणहून आला,
टोपी काढून टेबलावर ठेवली.
"गळती न्हवं, बाई. ते मी हाय."
मागांच्या शेडमागे बावीस घरं,
कागद नाही, म्हणून नळ नाही.
अकरा वर्षं, रोज रात्री,
अर्धा आटा.

मॅडम कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या.
मला कळलं नाही. त्याला कळलं असावं,
कारण तो बसला.

पडद्यावर तीनच पर्याय:
गळती, चोरी, मीटर बिघाड.
त्यांनी हेड ऑफिसला फोन लावला,
आवाज चढत गेला,
चहावर साय धरली,
आठवड्यानं चौथा पर्याय आला: सार्वजनिक नळ.
खाली रिकामी चौकट, गल्लीचं नाव.

"नावच न्हाई की तिला."
पहारीला कान लावल्यासारखा
भरमा बराच वेळ गप्प.
"रातवा गल्ली लिवा."

नकाशावर ती आता आहे.
कन्नडात रातव्वा झालीय, कुणा म्हातारीचं नाव असावं तशी,
इंग्रजीत तर वाचवतच नाही.
पाणी सकाळी सहाला येऊलंय.

तीनची रेघ सपाट असते.
तरी कामावर आले की
आधी तीच उघडून बघते मी.