अधोली

रे रोडला, दारूखान्याच्या मागच्या गाळ्यात
मूळ वस्तू तीनच दिवसांसाठी आली होती,
फोमच्या पेटीत, सहीशिक्क्यासकट.
सोबत हातमोजे घातलेला एक माणूस,
जो चहासुद्धा आमच्यापासून दूर उभा राहून प्यायला.

लाकडाची अधोली. कमरेत जरा आवळलेली,
काठाची लोखंडी पट्टी एकाच बाजूला झिजलेली,
जिथून कुणीतरी वर्षानुवर्षं
तळव्यानं दाणे सपाट केले असतील.
काचेआडच्या या वस्तूला जुळी हवी होती,
ज्यांना दिसत नाही अशा मुलांना
हातात घेता यावी म्हणून.

मी स्कॅन केलं. पडद्यावर ती
निळ्या जाळीची होऊन गरगरत राहिली.
मागे लाडू मेस्त्री, कानावर पेन्सिल.
मशीनवर त्यांचा अजून विश्वास नाही.
लाकूड मात्र त्यांनीच निवडलेलं:
मोडीत निघालेल्या गलबताचं सागवान,
खिळ्याच्या भोकाभोवती तांब्याचा हिरवा डाग.

हातमोजेवाला ओरडायच्या आत
त्यांनी मूळ अधोलीत बोटं घालून खोली पाहिली,
मग तीच बोटं बाहेरून लावली.
"गो, ह्यां माप खोटां आसा."

तळ दुहेरी होता. आत एक चकती,
सांधा नखालाही लागू नये इतकी नेटकी.
दर मापामागे मूठभर दाणे कमी.
कुठल्याशा सुताराचं काम,
आणि काय काम!
शिवी द्यावी की दाद, या विचारात
मेस्त्रींची विडी हातातच विझली.

मी फोन लावला. खरं माप करायचं,
की होतं तसं?
होतं तसं, म्हणाले.

मशीननं दीड तासात भांडं कोरलं.
तळ जाड ठेवला असता की झालं असतं,
पण चकती मेस्त्रींनी वेगळी कापली,
पटाशीनं कड मारली, दोन दिवस घासत बसले.
"लबाडी हातानच करूक व्हयी."

महिन्याभरानं त्या दालनात
दहाएक वर्षांची एक मुलगी
दोन्ही तळहातांनी अधोली बाहेरून चाचपत गेली,
झिजल्या काठाशी रेंगाळली,
मग आत हात घातला
आणि थबकली.
"तळ लवकर लागला," म्हणाली.

मी तिथूनच मेस्त्रींना फोन केला.
पलीकडे रंधा चालू. पहिल्यांदा ऐकू गेलं नाही,
पुन्हा सांगावं लागलं, जरा ओरडून.
रंधा थांबला.
"किती वेळ लागलो तेका?"