अर्धा चिंचोका

पुस्तकात नाणं आहे.
नाणं उडवलं, छाप पडण्याची संभाव्यता काढा.
उत्तर मागच्या पानावर आधीच येऊन बसलेलं :
एक छेद दोन.
बेंगळुरात छापलेलं मराठी पुस्तक,
आणि आमची शाळा जांबोटीच्या अलीकडे,
इथं नाणं पडलं की फरशीच्या भेगेतून
सरळ वाळवीच्या घरी जातं.

मी फळ्यावर लिहिलं. चोवीस माना हलल्या.
भरमव्वाची हलली नाही.
"ओ सर, आमच्यात नाणं नाही टाकत.
चिंचोका टाकतोय. फोडून, अर्धा.
आत पांढरा, भायेर काळा.
हरला त्यानं म्हस धुवायची."
"आणि तू काय मागतेस?"
"काळं. सातेरी पांढरं मागतोय.
त्याला पांढरं आवडतंय."
शेवटच्या बाकावर तिचा जुळा भाऊ
नखातली माती काढत होता.
"मग म्हैस कोण धुतं?"
वर्गानंच सांगितलं, एका आवाजात.

खिडकीबाहेर चिंच होतीच.
पंचवीस जणांनी वीस वीस वेळा टाकला,
टक, टक, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
लाकडाची मोळी बांधल्यासारखी.
मागच्या दोघी ओंदु, एरडु म्हणत होत्या,
पुढचे एक, दोन,
मोळी मात्र सगळ्यांची पाचाचीच.

पहिल्या दहांत पांढरं पाच.
पुस्तक खूश.
पन्नासांत सोळा.
दोनशेत चौऱ्याहत्तर.
मी भागत गेलो, खडू झिजत गेला,
आकडा आधी नव्या वासरासारखा उधळला,
मग दावं ओळखल्यासारखा
एका जागी घुटमळू लागला :
पाचशेत एकशे एक्याऐंशी.
शून्य दशांश तीन सहा दोन.
याला म्हणायचं सापेक्ष वारंवारता, मी म्हणालो.
ही मागच्या पानावर मिळत नाही.
गुडघे दुखेस्तोवर टाकत बसावं लागतं.

(मीही एक रेघ ओढून आहे.
खानापुरात बदलीचा अर्ज सात वेळा दिला,
सातांत शून्य.
रोज रात्री स्वतःला समजावतो,
शून्य वारंवारता म्हणजे शून्य शक्यता नव्हे,
सात ही काही मोठी संख्या नाही.
बायको म्हणते, तिला मोठी वाटते.)

सातेरी उठून फळ्यापाशी आला.
तीन सहा दोन वर बोट ठेवलं, खडू पुसणार नाही इतकं हलकं,
मग बहिणीकडे बघितलं.
"तुला ठाऊक होतं?"
"आकडा नव्हता ठाऊक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला.
बाह्या ओल्या, अंगाला शेणाचा वास.
"सर, तुमचं गणित चुकलं.
आज मी काळं मागितलं.
पांढरं पडलं."
भरमव्वा वहीत तोंड घालून
खांद्यांनी हसत होती.
"किती वेळा टाकलास?"
"एकदा."
"अरे, एकदा टाकून काय कळणार?
शंभर वेळा टाक, दोनशे वेळा टाक,
मग बघ काळंच जास्त येतं की नाही."

तो उभाच राहिला दारात,
कोपरातून पाणी ठिबकत होतं फरशीवर.
"टाकतो की ओ सर," तो म्हणाला,
"पण म्हस तवर थांबत नाही."

मी हजेरी घेतली.
पंचवीसांत पंचवीस.
खिशात हात घातला तर खडूच्या तुकड्यांत
कुणाचा तरी अर्धा चिंचोका,
काळी बाजू की पांढरी
ते बोटांना लगेच कळलं.
बाहेर काढला नाही.